किल्ली गेली, सातबारा आला

नाशिकमध्ये जिथे जिथे गाणी रेकॉर्ड होतात, मग तो गंगापूर रोडवरच्या बंगल्याचा वरचा मजला असो, कॉलेज रोडचा गाळा असो की पंचवटीतल्या वाड्याची मागची खोली, तिथे संगणकाच्या पाठीमागे वर्षानुवर्षं एक बारकी वस्तू खोचलेली असायची. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, पण तिच्यात एकही फाइल ठेवता यायची नाही. तिला डोंगल म्हणत. ती गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरची किल्ली; ती लावलेली नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. नवीन मुलगा कामाला लागला की माइक कसा हाताळायचा हे शिकवण्याआधी त्याला बजावलं जायचं, कॅबिनेट पुढे ओढायचं नाही, मागे डोंगल आहे.

काढघाल करून करून डोंगलच्या तोंडाचा पत्रा सैल होतो. मग जरासा धक्का लागला तरी सॉफ्टवेअर थांबतं आणि किल्ली मागतं. सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत विंगेत लॅपटॉप मांडून पार्श्वसंगीत देणाऱ्यांना हे फार चांगलं ठाऊक असतं. डोंगल लॅपटॉपच्या बाहेर इंचभर डोकावत असतं, अंधारात नेपथ्य हलवणाऱ्याचा गुडघा नेमका तिथेच लागतो आणि डोंगलबरोबर लॅपटॉपचं सॉकेटही वाकतं. म्हणून जाणकार माणूस अर्ध्या फुटाची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलाखाली चिकटपट्टीनं बसवायचा. धक्का बसलाच तर वायरला बसायचा.

त्या वस्तूत एक सरळपणा होता. डोंगल ज्याच्या हातात, लायसन्स त्याच्याकडे. मित्राच्या स्टुडिओत काम असेल तर खिशात टाकून न्यायचं, काम झालं की परत आणायचं. हरवलं तर मात्र हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर त्या बोटभर वस्तूबरोबर गेलं. ती पद्धत ताब्याची होती. आता जी आली आहे ती नोंदीची आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आधी जमीन कसणाऱ्याची होती, आता सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची. सॉफ्टवेअर तेच, माणूस तोच, गाणंही तेच, पण कागद बदलला. डोंगलवरून खात्यावर जाणं म्हणजे फेरफार घालणं, आणि फेरफाराच्या वेळी माणूस जितका सावध असतो तितकंच सावध इथेही असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्टाइनबर्ग कंपनीचं क्युबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर १९८९ साली अटारी एसटी संगणकावर आलं तेव्हाही किल्ली होतीच. ती अटारीच्या कार्ट्रिजच्या खाचेत बसायची. पुढे यूएसबीची डोंगल आली आणि ईलायसेन्सर या नावानं ती बरीच वर्षं टिकली. जानेवारी २०२२ मध्ये स्टाइनबर्गनं डोरिको ४ या आपल्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरपासून डोंगल काढून टाकलं आणि मार्च २०२२ मध्ये क्युबेस १२ आलं तेही बिनडोंगलचं. नवी पद्धत अशी की कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं एक खातं असतं, लायसन्स त्या खात्यावर नोंदलेलं असतं, आणि संगणकावरच्या ॲक्टिव्हेशन मॅनेजर नावाच्या छोट्या प्रोग्राममधून त्या खात्यात शिरून लायसन्स चालू करायचं. एका वेळी ३ संगणकांवर चालू ठेवता येतं. सुरुवातीला ही मर्यादा २ संगणकांची होती आणि ठरावीक दिवसांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट होती. वापरणाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली आणि दोन्ही गोष्टी बदलल्या. आता एकदा चालू केलं की इंटरनेट नसलं तरी काम चालतं. ज्यांचा रेकॉर्डिंगचा संगणक मुद्दाम इंटरनेटपासून लांब ठेवलेला असतो त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट दहा मिनिटं जोडायचा, लायसन्स चालू करायचं, हॉटस्पॉट बंद करायचा.

२० मे २०२५ रोजी ईलायसेन्सरची सेवाच बंद झाली. याचा अर्थ पुष्कळांनी चुकीचा लावला. जुनी डोंगल त्या दिवशी मेली नाही. तिच्यावर आधीपासून असलेलं लायसन्स अजूनही चालतं, जुनं सॉफ्टवेअर उघडतं. थांबलं ते मागचं कार्यालय. आता डोंगलमध्ये नवा कोड घालता येत नाही, एका डोंगलवरचं लायसन्स दुसरीवर सरकवता येत नाही, आणि डोंगल मोडली तर बदली लायसन्स देणारं कुणी नाही. ज्यांच्याकडे क्युबेस एलिमेंट्ससारख्या छोट्या आवृत्त्या होत्या त्यांची अवस्था आणखी नाजूक आहे. त्यांचं लायसन्स डोंगलवर नसून संगणकाच्या डिस्कवरच असायचं. तो संगणक फॉरमॅट केला की ते गेलं. अशा संगणकाला हात लावण्याआधी शंभर वेळा विचार करावा.

फेरफाराच्या वेळी तलाठी पहिला प्रश्न विचारतो, नाव कुणाचं? इथेही खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच निघते. संगणक असेंबल करून देणाऱ्यानं पहिल्या दिवशी घाईत स्वतःच्याच ईमेलनं खातं उघडलेलं असतं. किंवा तेव्हाच्या ऑपरेटरनं. तो पुढे पुण्याला गेला, नंबर बदलला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. डोंगल होती तोवर हे कधी अडलं नाही, कारण डोंगल नाव विचारत नव्हती. आता मात्र लायसन्स त्या निघून गेलेल्या मुलाच्या खात्यावर आहे आणि स्टुडिओच्या मालकाकडे फक्त पैसे भरल्याची आठवण आहे. कायद्यानं मालक कोण आणि नोंदीनं कोण, यातला फरक इथे नेमका बोचतो.

म्हणून कुठल्याही नव्या पद्धतीत उडी मारण्याआधी स्टुडिओच्या नावाचा एक स्वतंत्र ईमेल काढावा. माणसाच्या नावाचा नको. त्याला दोन मोबाइल नंबर जोडावेत, एक मालकाचा आणि एक घरातल्या विश्वासू माणसाचा, म्हणजे ओटीपी कुणा एकाच्या खिशात अडकणार नाही. दुहेरी सुरक्षा चालू केली की बरीच खाती आठ-दहा आकडी आणीबाणीचे कोड देतात. ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नयेत, कारण मोबाइल हरवला की फोटोही हरवतो. कागदावर लिहावेत. मग जुन्या खात्यांत एकेक करून शिरायचं आणि ईमेल बदलून हा नवा घालायचा. बहुतेक ठिकाणी खात्यातला ईमेल बदलता येतो; लायसन्स एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर नेणं हे त्यापेक्षा अवघड, काही कंपन्या त्यासाठी शुल्क घेतात, काही नेऊच देत नाहीत. त्यामुळे जुन्या ऑपरेटरचा पत्ता लागत असेल तर त्याला फोन करून, दोघांनी एकाच वेळी बसून ईमेल बदलून घेणं हाच सर्वांत सोपा रस्ता. तो सापडतच नसेल तर खरेदीची पावती, डोंगलवर छापलेला क्रमांक आणि ज्या कार्डानं पैसे भरले त्याचे शेवटचे चार आकडे हाताशी ठेवून कंपनीच्या मदत विभागाला लिहावं. पावती नसेल तर बँकेचं त्या वर्षीचं स्टेटमेंट काढावं. चिकाटी लागते.

सगळ्याच कंपन्यांनी एकच वाट धरलेली नाही. वाद्यवृंदाचे तयार आवाज विकणारी व्हिएन्ना सिंफोनिक लायब्ररी ईलायसेन्सर सोडून आयलॉक या दुसऱ्या लायसन्स-पद्धतीकडे गेली. आयलॉकमध्ये लायसन्स तीन ठिकाणी राहू शकतं, आयलॉकच्या स्वतःच्या डोंगलवर, थेट संगणकात, किंवा क्लाउडवर. यांतल्या कोणत्या जागा खुल्या ठेवायच्या हे त्या त्या सॉफ्टवेअरची कंपनी ठरवते, आपण नाही. क्लाउड ऐकायला छान वाटतं, पण तिथे काम चालू असेपर्यंत इंटरनेट चालू असावं लागतं आणि एका खात्याचं क्लाउड एका वेळी एकाच संगणकावर उघडतं. नाशिकमध्ये एखाद्या गल्लीत गटाराचं काम निघालं की फायबर तुटते आणि दुपारभर नेट जातं. गायिका काचेपलीकडे उभी, अंतरा रंगात आलेला, आणि प्लगिन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट, एकेक करून गप्प. ज्या खोलीत पैसे देऊन माणसं गायला येतात तिथे क्लाउडवर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लाउड घरी बसून मिक्सिंग करणाऱ्यासाठी ठीक. स्टुडिओत आयलॉकची डोंगलच बरी, आणि थेट संगणकात ठेवायचं असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची.

संगणक स्वतःची ओळख सांगतो ती त्याच्या मदरबोर्डवरून, डिस्कवरून, नेटवर्क कार्डावरून. या साऱ्याची मिळून एक खूण तयार होते आणि लायसन्स त्या खुणेला बांधलेलं असतं. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये ही खूण सहसा बदलत नाही. आपल्याकडे मात्र पीसी असेंबल केलेला असतो आणि सुटे भाग येत-जात राहतात. वैशाखात वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते, केबलमधून झटका येऊन लॅन पोर्ट जातं, कधी अख्खा मदरबोर्ड. दुरुस्तीवाला नवा बोर्ड बसवून देतो, विंडोज सुरू होतं, सगळं जागच्या जागी दिसतं. पण लायसन्सच्या दृष्टीनं हा दुसराच संगणक असतो. क्युबेसला ज्या तीन संगणकांची मुभा आहे त्यांपैकी एक जागा मेलेल्या बोर्डाच्या नावावर अडकून राहते आणि ती मोकळी करायला खात्यात किंवा मदत विभागाकडे जावं लागतं. म्हणून जिथे जिथे आपल्या हातात आहे तिथे क्रम उलटा होऊ देऊ नये. आधी प्रत्येक प्रोग्राममधून डिॲक्टिव्हेट, म्हणजे त्या संगणकावरचं लायसन्स सोडवणं, मग फॉरमॅट. दुरुस्तीवाल्याकडे संगणक देताना ‘फॉरमॅट मारू नका, आधी विचारा’ असं कॅबिनेटवर कागद चिकटवून लिहिलेलं बरं.

वेव्हज या प्लगिनच्या कंपनीचं लायसन्स संगणकात किंवा साध्या पेन ड्राइव्हवरही ठेवता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोन जागी काम करणाऱ्यासाठी हा चांगला मार्ग आहे, फक्त तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही आणि चुकूनही फॉरमॅट करायचा नाही. याच कंपनीनं मार्च २०२३ मध्ये कायमची लायसन्सं विकणं थांबवून फक्त मासिक-वार्षिक भाड्यानं देण्याचं जाहीर केलं होतं. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. एबलटन लाइव्ह हे क्युबेससारखंच सॉफ्टवेअर २ संगणकांवर चालतं आणि इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी दुसऱ्या संगणकावरून फाइल आणून चालू करायची सोय देतं. याच जातीतलं रीपर सगळ्यांत साधं. लायसन्सची फाइल येते, ती एकदा दाखवायची, संपलं. ६० डॉलरचं सवलतीचं लायसन्स आणि २२५ डॉलरचं व्यावसायिक, इतकाच भेद. नव्यानं सुरुवात करणाऱ्या, हाताशी बेताचे पैसे असलेल्या मुलानं क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरच्या, नादी लागण्यापेक्षा रीपरनं सुरुवात करावी.

क्रॅकचा विषय निघालाच आहे तर त्याचा एक परिणाम इथे सांगायला हवा, कारण तो प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यालाही छळतो. पूर्वी कधी संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर ते टाकणाऱ्यानं विंडोजमधल्या होस्ट्स नावाच्या फाइलीत कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते लिहून ते अडवलेले असतात. ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये असते. पुढे माणूस खरं लायसन्स विकत घेतो, सगळे आकडे बरोबर टाकतो, आणि ॲक्टिव्हेशन मॅनेजर म्हणतो सर्व्हर सापडत नाही. नेट तर चालू असतं, यूट्यूब उघडत असतं. तासन्‌तास राउटरला दोष देण्यात जातात. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ती फाइल पाहावी. कंपनीचं नाव असलेल्या ओळी काढून जतन करावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही शंका राहिली तर डेटा बाजूला काढून विंडोज कोरं टाकणं हाच शहाणपणा, कारण क्रॅकबरोबर आणखी काय काय आत आलं असेल ते सांगता येत नाही.

सर्व्हरशी गाठ न पडण्याचं दुसरं कारण याहून बारीक आहे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. पाच-सात वर्षांत तो उतरतो. मग लाइट गेली, यूपीएसही दमला, की संगणक पुन्हा सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळं तारखेवरून प्रमाणपत्र तपासतात, त्यामुळे चुकीच्या तारखेच्या संगणकाला लायसन्सचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. काही सॉफ्टवेअरना तर तारीख मागे गेली की कुणीतरी मुदत चुकवायला बघतंय असा संशय येतो आणि ती चालू लायसन्सही नाकारतात. उपाय म्हणजे घड्याळाच्या दुकानातही मिळणारा तो सेल. लायसन्स बदलायला बसण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघण्याची सवय लावावी.

पैशाच्या बाजूलाही एक-दोन खाचा आहेत. बँकेनं दिलेलं कार्ड परदेशी व्यवहारासाठी आपोआप चालू नसतं, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि मर्यादाही घालावी लागते. भाडेपद्धतीच्या सॉफ्टवेअरचे पैसे दर महिन्याला कार्डावरून आपोआप जायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी एकदा मंजुरी नोंदवावी लागते, वजावटीच्या २४ तास आधी बँक मेसेज पाठवते, आणि १५,००० रुपयांच्या वरची रक्कम दर वेळी ओटीपीशिवाय जात नाही. परदेशी दुकानाशी ही व्यवस्था जुळलेली नसेल तर पैसे नुसते जात नाहीत. माणसाला वाटतं गेले. आठवड्यानं ऐन कामात प्लगिन बंद पडतो. वार्षिक भाडं असेल तर ते संपायच्या पंधरा दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवावी. किंमत बघताना १८ टक्के जीएसटी आणि बँकेचा चलनबदलाचा आकार वरून धरावा.

हे सगळं करायचं कधी, याला नाशिकमध्ये पंचांग बघावं लागतं. सप्तशृंगीची नवरात्रातली गाणी श्रावण-भाद्रपदात रेकॉर्ड होतात. गणपतीत ढोलपथकांची कामं असतात. कार्तिकानंतर लग्नसराई, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत वणीची यात्रा, आणि आता त्यात सिंहस्थाच्या गाण्यांची भर. मधला मोकळा महिना पौष. लग्नं नसतात, नव्या कामाचा मुहूर्त कुणी धरत नाही, स्टुडिओत जाग कमी असते. तेव्हाचे चार दिवस धरावेत. चालू असलेलं एखादं गाणं अर्ध्यावर असताना लायसन्सची पद्धत बदलू नये. ते गाणं जुन्याच संगणकावर, जुन्याच डोंगलवर पुरं करावं.

सातबारा तपासताना माणूस नुसतं नाव बघत नाही, बांधही बघतो. या साऱ्या खटाटोपात जपायची वस्तू लायसन्स नाहीच, जुनी गाणी आहेत. डोंगलची पद्धत गेली म्हणजे नवी आवृत्ती घ्यावी लागते, नव्या आवृत्तीला नवं विंडोज लागतं, आणि विंडोज ७ वर इमानानं चालणारा पीसी क्युबेस १२ घेत नाही. क्युबेस ९ पासून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, प्लगिन चालणंच बंद झालं. पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या अहिराणी गाण्याचा प्रोजेक्ट नव्या संगणकावर उघडला तर ट्रॅक दिसतील, नावं दिसतील, आवाजाच्या लाटाही दिसतील, पण ज्या बासरीच्या प्लगिननं त्या गाण्याला ओळख दिली त्या जागी रिकामी चौकट आणि ‘सापडत नाही’ असा संदेश. लायसन्स बदलल्यामुळे गाणं मुकं होतं ते असं, एकेका वाद्यानं.

म्हणून जुनी डोंगल आणि जुना संगणक चालू स्थितीत आहेत तोवर महत्त्वाच्या गाण्यांचे स्टेम काढून ठेवावेत. स्टेम म्हणजे प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये वेगळा. त्या फाइलला कुठलंच लायसन्स लागत नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो, स्टिरिओ त्याच्या दुप्पट. ६ मिनिटांच्या गाण्यात २० मोनो आणि १० स्टिरिओ ट्रॅक धरले तर सारं मिळून २ जीबीच्या आसपास. १ टीबीच्या डिस्कमध्ये अशी साडेचारशे गाणी सहज मावतात.

काम कंटाळवाणं आहे, पण घाईत केलं तर फुकट जातं. सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून, पहिल्या मात्रेपासून सुरू झाल्या पाहिजेत. सनई शेवटच्या कडव्यातच वाजत असली तरी तिची फाइलही सुरुवातीच्या शांततेसकट हवी, नाहीतर दहा वर्षांनी कुणाला ती कुठे बसवायची ते कळणार नाही. मास्टरवरचे, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथले, आवाज दाबणारे कॉम्प्रेसर आणि लिमिटर बंद करून स्टेम काढावेत. ते चालू ठेवले तर प्रत्येक वाद्य एकेकटं त्यांच्यातून जातं आणि पुन्हा एकत्र केल्यावर मूळ मिक्स जमत नाही. मुख्य गायकाचा आवाज दोनदा काढावा, एकदा रिव्हर्बच्या घुमाऱ्यासकट आणि एकदा कोरा. मिडीच्या फाइली, म्हणजे आवाज नसून कोणता सूर कधी वाजला याची नोंद, वेगळ्या काढाव्यात, म्हणजे उद्या त्याच सुरांवर दुसरं वाद्य लावता येईल. आणि एका साध्या मजकुराच्या फाइलीत गाण्याचा टेम्पो, ताल, गायकाची पट्टी, काळी चार की पांढरी पाच, आणि कुणी काय वाजवलं ते लिहावं. ही शेवटची फाइल दोन मिनिटांत होते आणि तीच सगळे विसरतात.

यात एक सापळा आहे. ज्या प्लगिनचं लायसन्स हललेलं असतं तो पुष्कळदा बंद न पडता डेमो म्हणून चालू राहतो. दिसायला सगळं नेहमीसारखं. पण दर मिनिटाला, काहींत दर अर्ध्या मिनिटाला, क्षणभर आवाज गायब होतो किंवा खरखर येते. स्टेम काढताना पडद्यावरची पट्टी सरसर पुढे सरकते, आपण चहा प्यायला जातो, आणि ती खरखर कायमची फाइलमध्ये जाऊन बसते. त्यामुळे काढलेले स्टेम कोऱ्या प्रोजेक्टमध्ये घालून, शेवटपर्यंत, हेडफोन लावून ऐकलेच पाहिजेत. अधिक खात्री हवी तर मास्टरवर काही न लावता काढलेला मूळ मिक्स शेजारी ठेवून त्याचा फेज उलटा करावा, म्हणजे त्याची लाट खालची वर करावी, आणि दोन्ही एकत्र वाजवावेत. सगळं जुळत असेल तर जवळजवळ शांतता येते. हलत्या कोरस-रिव्हर्बचे थोडे अवशेष ऐकू येतात ते चालतात. ढोलाचा एखादा ठोका स्वच्छ ऐकू आला तर मात्र कुठली तरी फाइल सरकली आहे किंवा राहून गेली आहे.

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा धक्का आणखी मोठा बसला. फिनाले १९८८ पासून चालत आलेलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. आधी तर वर्षभरानंतर नव्या संगणकावर ते चालूच करता येणार नाही असं सांगितलं, मग नाराजी बघून ती अट मागे घेतली. पण ते कोणत्या विंडोजपर्यंत साथ देईल याला मर्यादा आहे. फिनालेमध्ये ज्यांच्या चिजा, नाट्यपदं, वाद्यवृंदाचे भाग लिहून ठेवलेले आहेत त्यांनी प्रत्येक फाइल म्युझिकएक्सएमएल या, वेगवेगळ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या, स्वरूपात काढून ठेवावी आणि सोबत पीडीएफही. म्युझिकएक्सएमएल डोरिकोत, म्यूजस्कोरमध्ये उघडतं. मांडणी थोडी विस्कटते, स्वर आणि लय राहतात. पीडीएफ विस्कटत नाही पण तिच्यात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून दोन्ही हवं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम काढला, त्याच्या आधी लाहोरला आणि मुंबईला गाणं शिकवताना त्यांनी स्वरलिपीची पुस्तकं छापली. शंभरावर वर्षं झाली, पानं पिवळी पडली, पण पुस्तक उघडायला कुणाचा पासवर्ड लागत नाही. आजचं स्वरलेखन कितीही देखणं असलं तरी एक छापील प्रत कपाटात असावी, ही अपेक्षा जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

नवी पद्धत नीट बसली की नाही हे कळायला एक कसोटी पुरते. सगळं चालू करून झाल्यावर नेटची वायर काढायची, वायफाय बंद करायचं, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा, आणि सर्वांत जड प्रोजेक्ट उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, नेटशिवायच. आयलॉक क्लाउडवाले प्लगिन इथे पडतील, ते कोणते हे आधीच कळलेलं बरं. मग दुसऱ्या संगणकावर हीच फेरी, आणि तिसरी जागा मोकळीच ठेवायची. मदरबोर्ड जाईल त्या दिवशी तीच उपयोगी पडते.

जुनी डोंगल फेकायची नाही. वरची आवृत्ती घेतल्यावरही तिच्यावरचं जुनं लायसन्स जुन्या आवृत्तीला चालतं, फक्त ते विकता येत नाही. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ती ठेवावी, आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्या तोंडाचा पत्रा गंजतो. पिशवी कागदी पाकिटात, आणि पाकिटावर पेनानं लिहावं, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणत्या विंडोजवर चालतं, डोंगलचा क्रमांक, कोणत्या ईमेलवर नोंद आहे, आणि जुना संगणक कोणत्या खोलीत ठेवला आहे. सोबत त्या आवृत्तीची इन्स्टॉल करायची फाइल आणि ईलायसेन्सरचा प्रोग्राम एका पेन ड्राइव्हवर. हे पाकीट घराच्या कागदपत्रांच्या पेटीत, सातबारा आणि वीजबिलाच्या फाइलशेजारी.